शिक्का नसलेलं पान

माझ्या बायकोला माझ्याविषयी सगळं ठाऊक आहे, असं ती चारचौघांत ठणकावून सांगते. मी मान डोलावतो. पण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. तिलाच काय — कुणालाच नाही. जी दोन माणसं त्या गोष्टीत होती, त्यांच्याशीही मी त्याबद्दल कधी बोललो नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मला विचारू नका. विचारणं हा माझा धंदा, आणि गोष्ट सगळी त्यातूनच उपजली आहे.

मी चौकस माणूस. लहानपणी भेळ खायच्या आधी भेळेचा कागद वाचून संपवायचो, आणि तेवढ्यात थोरला भाऊ भेळ संपवायचा. औषधाच्या खोक्यातली घडी, एसटीतल्या सूचना, लग्नपत्रिकेच्या खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव — मला काही म्हणता काही सोडवत नाही. आमच्या गडमुडशिंगीत कुणाच्या दारात परकी मोटारसायकल दिसली की माझी सायकल आपोआप हळू होते. "आलं बघा चौकशी खातं," असं बायका मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या. मला राग यायचा नाही. खरं सांगू? थोडा अभिमानच वाटायचा.

नोकरीही अशी लागली की मांजराला दुधाची राखण. आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेत लेखनिक. शाळेचं नाव सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. माझ्या टेबलामागं एक हिरवं लोखंडी कपाट होतं. त्याच्या खालच्या कप्प्यात न नेलेली प्रमाणपत्रं असायची. तुम्हाला माहीत असेल — दहावीचं गुणपत्रक निकालाबरोबर मिळतं, ते न्यायला सगळे धावत येतात. प्रमाणपत्र मात्र बोर्डाकडून नंतर कधीतरी येतं. तोवर कुणी कारखान्यात लागलेलं असतं, कुणाचं लग्न झालेलं असतं. मग ती प्रमाणपत्रं तशीच पडून राहतात. सवड मिळाली की मी ती काढून बसायचो. कोण ही माणसं? कुठं असतील? आपण पास झालो याचा कागद एका कपाटात पडून आहे, हे त्यांच्या ध्यानात तरी असेल का?

त्यातलं एक होतं संभाजी बापू पाटील याचं. आता कोल्हापूर जिल्ह्यात या नावाची माणसं काय कमी? पण हा आमच्याच शाळेचा. निकाल लागला तसा जयसिंगपूरला मामाच्या दुकानात गेला, तो पुन्हा इकडं फिरकलाच नाही.

आणि याच नावाचा दुसरा संभाजी बापू पाटील माझ्या घरापासून तीन घरं सोडून राहायचा. तो माझा मित्र. बालमित्र म्हणा. नववीत आम्ही याच शाळेत एका बाकावर होतो — मी पुढं गेलो, तो नापास झाला आणि थेट फौंड्रीत लागला. मोल्डर म्हणून त्याचा हात काय होता! साच्याची वाळू मुठीत दाबायचा, मूठ उघडायचा आणि बोटांचे ठसे बघून सांगायचा, पाणी जास्त झालंय की कमी. मी त्याला किती वेळा विचारलं असेल, तुला कळतं कसं रे? तो हसायचा. "हाताला कळतंय लका. तुला कागदाचं कळतंय, मला वाळूचं."

दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षांनी कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका गाळ्यात एका एजंटानं ऑफिस थाटलं. आखातातल्या फौंड्र्यांना माणसं पाहिजेत, म्हणे. संभा तिथं जाऊन आला आणि संध्याकाळी माझ्याकडं पासपोर्टचा फॉर्म घेऊन बसला. आमच्या गावाला विमानतळ खेटून आहे, विमान मात्र तेव्हा कधीमधी यायचं. त्या मोकळ्या धावपट्टीकडं बोट करून तो म्हणाला, "हितनं उडत न्हाई, मुंबईतनं उडतोय. पर उडतोय की!" त्याची बायको शालन चहा घेऊन आली, तीही हसत होती. दोन मुलं, एक म्हैस, पत्र्याचं घर — त्यावर स्लॅब घालायचा होता. एवढंच त्यांचं स्वप्न. यात काय वाईट होतं?

फॉर्म मी वाचला. सोबतचं माहितीपत्रकही वाचलं, एकदा नाही, तीनदा. त्यात एक मजेशीर गोष्ट सापडली. दहावी झालेल्याच्या पासपोर्टावर काही शिक्का नाही, पान कोरं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर शिक्का बसणार — याला ठराविक देशांत कामाला जायचं असेल, तर आधी सरकारी तपासणी. एजंट म्हणाला होता, शिक्का नसला तर आठ दिवसांत काम, शिक्का असला तर हेलपाटे मारून चपला झिजतील. गल्लीत सगळ्यांनी त्या शिक्क्याला नाव देऊन टाकलं, अडाण्याचा शिक्का. संभाच्या तोंडावरचं हसू तेवढं ऐकून मावळलं.

त्यानं माझ्याकडं काही मागितलं नाही — हे नीट ध्यानात ठेवा. मीच दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं.

का उघडलं? मित्रासाठी — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण प्रमाणपत्र हातात घेतलं तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सांगू? मला बघायचं होतं. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, शाळा तीच. हे जातंय का? कुणाच्या ध्यानात येतंय का? पोरं रेल्वेच्या रुळावर नाणं ठेवून बघतात ना, तसं. एवढंच. मी एक रुपया घेतला नाही, याची मला तेव्हा केवढी फुशारकी होती.

प्रमाणपत्र गेलं, त्याची नक्कल जोडली गेली, पोलीस येऊन चौकशी करून गेले आणि पासपोर्ट आला. पान कोरं. प्रमाणपत्रावरच्या जन्मतारखेमुळं संभा दोन वर्षांनी लहान झाला होता, त्यावर शालनवहिनी आठवडाभर त्याची थट्टा करत होत्या. "आता माझ्यापरास ल्हान झाल्यात, मला आक्का म्हणा!" त्यांनी त्या रविवारी मला सहकुटुंब जेवायला बोलावलं. मी दोनदा रस्सा मागून घेतला. मूळ प्रमाणपत्र मी सोमवारी परत कपाटात ठेवलं, होतं त्याच जागी, त्याच घडीनं.

इथं थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायला कमी लाज वाटली असती. कारण इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला काय माहीत, तो शिक्का कशासाठी असतो? मीही तसंच म्हणत आलो. बायकोलाही तसंच म्हणालो असतो.

पण मला माहीत होतं.

माझ्यासारखा माणूस अर्धवट कळलेली गोष्ट सोडेल होय? पासपोर्टचा अर्ज जायच्या आधीच मी शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या वकिलांकडं गेलो होतो, दुसऱ्याच कामाला. त्यांच्या फळीवर परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या कायद्याचं पुस्तक दिसलं. मी ते उभ्या उभ्या वाचलं, पाय दुखेपर्यंत वाचलं. फार नवल वाटलं मला. तो शिक्का अडवायला नव्हताच. ज्याला परक्या भाषेतला करार वाचता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी तो वाचावा, म्हणून होता. पगार किती, काम कोणतं, आजारी पडलं तर दवाखाना कुणी करायचा, परतीचं तिकीट कुणाचं — हे सगळं सरकारनं बघायचं आणि मगच माणसाला विमानात बसू द्यायचं. विमा उतरवल्याशिवाय सोडायचं नाही. एजंटाची सरकारकडं नोंदणी पाहिजे, म्हणजे उद्या त्याची मानगूट धरता येते. शाहूपुरीतल्या त्या गाळ्याच्या पाटीवर नोंदणीचा नंबर नव्हता. तेही मी पाहिलं होतं. मी सगळंच पाहतो.

मग संभाला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर माझा प्रयोग तिथंच संपला असता. दुसरं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही, आणि शोधायला मी काही कमी करत नाही.

संभा गेला. सुरुवातीला दर शुक्रवारी फोन यायचा, तिथं सुट्टी शुक्रवारी. मी त्याला वाळू कशी आहे विचारायचो, ऊन किती, मालक कसा. तो सांगायचा, हळूहळू कमी सांगायला लागला. वाळूवर त्याला ठेवलंच नव्हतं. भट्टीवर ठेवलं होतं, वितळलेलं लोखंड ओतायला. इथं ज्या करारावर सही केली तो तिथं कुणी मानत नव्हतं, दुसराच कागद पुढं केला आणि सही घेतली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. पायातले बूट देतो म्हणाले होते, ते आलेच नाहीत. आणि मग सहाव्या-सातव्या महिन्यात ओतताना भांडं कललं आणि त्याच्या डाव्या पायावर सांडलं.

ही बातमी त्याच्याबरोबरच्या एका केरळी माणसानं फोनवर मोडक्या हिंदीत दिली. दोन दिवस दवाखान्यात ठेवून कंपनीनं त्याला खोलीवर आणून टाकलं होतं. आमचा माणूस नव्हे, आमच्याकडं याचा कागद नाही, म्हणत होते. जखम चिघळत होती, आणि पासपोर्टाशिवाय त्याला घरी येता येत नव्हतं. शाहूपुरीतल्या गाळ्याला तर कधीच कुलूप लागलं होतं.

शालनवहिनी माझ्याकडंच आल्या. दुसरीकडं कुठं जाणार? "भावजी, तुमास्नी कागदातलं कळतंय. काय करायचं तेवढं सांगा. त्यांस्नी घरला आणा." रडत नव्हत्या. हातात संभाच्या पासपोर्टची नक्कल होती, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली.

मी त्यांना मुंबईला घेऊन गेलो. त्याच ऑफिसात — परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी असलेल्या. ज्याची तपासणी मी चुकवायला लावली होती, तिथंच. आणि तुम्हाला काय सांगू, इतकी लाजिरवाणी गोष्ट आहे ही — आत शिरताना मला उत्सुकता वाटत होती. पुस्तकात वाचलेलं ऑफिस असतं तरी कसं? रांगेत कोण कोण आहे? शेजारच्या माणसाच्या हातातला करार मी तिरकी मान करून वाचून काढला. वहिनी बाकावर पिशवी उराशी धरून बसल्या होत्या आणि मी भिंतीवरचे तक्ते वाचत हिंडत होतो.

एक पन्नाशीच्या बाई होत्या टेबलाशी. चांगल्या होत्या हो. आधी वहिनींना पाणी दिलं, मग नक्कल पाहिली. पान उलटलं, पुन्हा उलटलं. म्हणाल्या, यावर शिक्का नाही, म्हणजे हे आमच्याकडून गेलेच नाहीत. आमच्याकडं यांचा करार नाही, विमा नाही, एजंटाचं नाव नाही. दहावी झालेला माणूस स्वतः वाचून-समजून जातो, असं कायदा धरून चालतो. अर्ज द्या, मी दूतावासाला पाठवते, पण इतर अर्जांसारखा तो आपल्या रांगेनंच जाईल.

मग त्यांनी चष्मा काढला. आणि जे विचारलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"एक विचारते. खरंच दहावी झालेत ना हे? कधीकधी दुसऱ्याचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं. तसं असेल तर आत्ता सांगा. मग ही फसवणूक ठरते, मला आजच्या आज तिकडं फोन करता येतो, त्या एजंटाला शोधता येतं. घाबरू नका, मला त्यांना आणायचं आहे."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. वर्षानुवर्षं ज्या नवऱ्याच्या नववीची त्या थट्टा करत आल्या, त्याचं शिक्षण त्यांना ठाऊक नव्हतं का? पण उत्तर त्यांनी दिलं नाही. माझ्यावर सोपवलं. "भावजी सांगतील," म्हणाल्या. "त्ये साळंत असत्यात."

पंखा फिरत होता. टेबलावरच्या कागदांवर एक गुळगुळीत दगड ठेवला होता, तो कुठल्या नदीतला असावा, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. मग नोकरी आली मनात, पेन्शन आली, पोलीस आले, शाळेच्या फाटकाशी उभी राहून बघणारी पोरं आली. संभाचा पाय आला का? आला असेल. मी त्याला फार वेळ थांबू दिलं नाही.

"हो मॅडम," मी म्हणालो. "आमच्याच शाळेचे. दहावी पास आहेत."

हीच ती गोष्ट. प्रमाणपत्र नव्हे, ही. सात शब्द, तेही आदरानं बोललेले.

बाईंनी चष्मा परत घातला आणि अर्ज पुढं सरकवला. मी तो माझ्या सुवाच्य अक्षरात भरला. वहिनींनी खाली सही केली. येताना गाडीत त्यांनी डब्यातली भाकरी काढून आधी मला दिली. मी खाल्ली.

पुढं मी कारणंही शोधली, नाही असं नाही. खरं बोललो असतो तर संभावरही खटला झाला असता, असं एक कारण मी बरीच वर्षं जवळ बाळगलं. पण त्या टेबलाशी ते माझ्या मनात नव्हतं. ते मी सांगलीच्या अलीकडं कुठंतरी, गाडी डुलायला लागल्यावर शोधलं.

अर्ज आपल्या रांगेनं गेला. मी पत्रांवर पत्रं लिहिली, सगळ्यांच्या नकला ठेवल्या, फायली केल्या. गावात म्हणायचे, मैतर असावा तर असा. चौदा महिन्यांनी संभा परत आला. डावा पाय घोट्याच्या खाली नव्हता. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यानं तो शेवटी कापला, कारण तोवर उशीर झाला होता. इथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, दोन-तीन महिने आधी नीट उपचार मिळाले असते तर वाचला असता. मी विचारलं होतं त्यांना. मी विचारणारच ना.

संभा आता म्हशी बघतो, बसून धारा काढतो. येणाऱ्या-जाणाऱ्या पावण्याला माझ्याकडं बोट करून सांगतो, "ह्यो गडी नसता तर मी तितंच मेलतो. लई धावपळ केली ह्यानं." मी म्हणतो, असू दे रे. दर वेळी म्हणतो.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. शालनवहिनी एक फॉर्म घेऊन आल्या, संभाच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा. मी पडवीत बसून भरायला घेतला. नाव, पत्ता, कोणता अवयव, कशामुळं. मग खालचा रकाना आला — शिक्षण.

माझं पेन थांबलं. मान वर केली नाही. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, एका हातात खरवसाचं भांडं होतं, आमच्यासाठी आणलेलं.

"नववी ल्ह्या, भावजी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "हितं खरं चालतंय."

मी लिहिलं. त्यांनी भांडं माझ्या बायकोच्या हातात दिलं, फॉर्म घडी करून पिशवीत घातला आणि गेल्या. उभ्या जगाला प्रश्न विचारत आलो मी. त्या दिवशी मुंबईत तुम्ही गप्प का राहिलात, एवढं एक त्यांना विचारलेलं नाही. खरवस बायकोनं वाटीत घालून पुढं ठेवला, तो मी संपवला.